माझं घर आवारातून सोडा : मंत्री महोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडं चढायला लागलं. त्या संध्याकाळी मी माझं घर ट्रॅक्टरला जोडून माळाकडं निघालो होतो. घरातलं सामान नव्हे साहेब, ट्रेलरवर बांधलेलं अख्खं घर. रेडे डोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळ्याचा रस्ता बंद होतो हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे, म्हणून उजेड असतानाच निघालो. वाटेत अडवलं. ट्रेलरची नोंदणी नाही म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 खाली घर जप्त केलं. ट्रॅक्टर सोडला, घर ठेवून घेतलं. आज माझी आई, बायको आणि दहावीतली मुलगी एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर आहेत, आणि त्यांच्यासाठी बांधलेलं घर सरकारी आवारात पावसात उभं आहे.

तुम्हाला आठवत असेल तर, पूर आढावा बैठकीत, अशा चाकांवरच्या घराची नोंद कुठं करायची, हा प्रश्न मी उभं राहून विचारला होता. तुम्ही माझा अर्ज हातात घेतलात, "पंधरा दिवसांत मार्ग काढतो" म्हणालात, शेजारच्या साहेबांनी वहीत टिपून घेतलं, टाळ्या पडल्या. त्यानंतर एक पावसाळा येऊन गेला. अर्जाला उत्तर नाही, पोचही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मी शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो. उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली तेव्हा आमचं मातीच्या भिंतीचं घर बसलं. आईला बोटीतून काढलं, म्हैस काढता आली नाही. कणगीतलं भात कुजलं, त्याचा वास कितीतरी दिवस नाकातून गेला नाही. कर्ज काढून विटांचं घर उभं केलं आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 56 फुटांवर गेलं. विटा उभ्या राहिल्या, पण आतलं सगळं गेलं. मुलीची पुस्तकं, बायकोचं शिलाई मशीन, माझ्या वडिलांचा एकुलता एक फोटो. दहा हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं. कर्जाचा हप्ता मात्र कधी बुडू दिला नाही. बँक पूर ओळखत नाही.

मग चौकशी केली तर कळलं की आमची जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, असं सांगितलं. बरोबर आहे, मलाही ते पटलं. पण दुसरीकडं जागा घ्यायची तर गुंठ्याचे भाव माझ्यासारख्यानं ऐकायचेसुद्धा नाहीत. आणि सरकारी पुनर्वसनाचं म्हणाल तर चिखली आणि आंबेवाडीकडं बघा. 1989 च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिली, आणि 2021 ला त्याच गावांतून माणसं पुन्हा बोटीतून काढावी लागली.

म्हणून मी घराला चाकं लावली.

अमेरिकेत अशी घरं लोक पंचवीस वर्षांपासून स्वतःच्या हातानं बांधताहेत. तिथं कारण वेगळं होतं. बांधकामाचे नियम इतकं छोटं घर बांधूच देत नव्हते, म्हणून लोकांनी ते ट्रेलरवर चढवलं. पुढं 2018 साली त्यांच्या निवासी बांधकाम संहितेत 400 चौरस फुटांच्या आतल्या घरांसाठी वेगळं परिशिष्टच घातलं गेलं. जिना किती अरुंद चालेल, माळ्याची उंची किती, आगीत बाहेर पडायला खिडकी केवढी हवी, सगळं लिहून ठेवलंय. लोकांनी आधी बांधलं, नियम मागून आला, आणि तो आला म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

माझं घर सोळा बाय आठ फूट आहे. आपल्याकडं वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंत चालते, म्हणजे साधारण साडेआठ फूट. मी आठातच बसवलं. खाली 125 बाय 65 मिलीमीटरचं लोखंडी चॅनेल, दोन ॲक्सल, स्प्रिंगचे पाटे ट्रकचे. वर 40 बाय 40 चा चौरस पाइप आणि त्याला 50 मिलीमीटरचं पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम, कारण विटा घेतल्या असत्या तर ट्रॅक्टरनं ओढलं नसतं आणि साधा पत्रा घेतला असता तर उन्हाळ्यात आई भाजून निघाली असती. पाण्याची टाकी बरोबर ॲक्सलवर ठेवली, ती मागं ठेवली की भरल्यावर पुढचा हूक उचलला जातो. गॅसची टाकी बाहेरच्या जाळीच्या पेटीत. पुरं झाल्यावर वजनकाट्यावर नेलं. आधी सगळं एकत्र, मग हूक काट्याबाहेर टेकवून फक्त चाकं. एकूण 2,740 किलो भरलं, त्यातलं 320 हुकावर. हा हिशेब मी हौसेनं केला नाही. हुकावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून कमी भार आला तर वेगात ट्रेलरची शेपटी हलायला लागते आणि समोरून येणारा मोटरसायकलवाला मरतो. पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर ओढणाऱ्या गाडीचा पुढचा भाग हलका होतो. काट्याच्या दोन्ही पावत्या माझ्याकडं आहेत. अडवणाऱ्या साहेबांना त्या दाखवल्या. त्यांनी बघितल्यासुद्धा नाहीत.

नोंदणी का केली नाही, असं तुम्ही विचाराल. करायला गेलो होतो. नोंदणीला फॉर्म 21 लागतो, म्हणजे विक्रेत्याचा दाखला. मी कुणाकडून विकत घेतलं? फॉर्म 22 लागतो, म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्याजोगं असल्याचं निर्मात्याचं प्रमाणपत्र. निर्माता मीच, पण माझ्या सहीला किंमत नाही. म्हटलं, तपासून घ्या, ब्रेक बघा, वेल्डिंग बघा, काट्यावर चढवा. तर खिडकीपलीकडून उत्तर आलं, "हे घर हाय का गाडी हाय, ते आधी ठरवून या." ग्रामपंचायतीत गेलो, म्हटलं, नमुना आठला, म्हणजे गावातल्या घरांच्या नोंदवहीत, नोंद करा, घरपट्टी लावा, मी भरतो. तिथं म्हणाले, चाकं आहेत, हे घर नव्हे. विजेच्या मीटरला घराचा उतारा लागतो, विम्याला गाडीचा नंबर लागतो, बँकेला दोन्हीपैकी एक लागतं. आणि उद्या पुरात हे वाहून गेलं तर पंचनाम्यात ते कुठल्या रकान्यात लिहिणार, याचंही उत्तर कुणाकडं नाही.

आमचं घर दुसऱ्यांदा बुडालं त्याच 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटकानं चाकांच्या गाडीत झोपावं, तिथंच जेवण करावं, त्याच्यासाठी पार्क असावेत, पाणी-वीज असावी, असं त्यात आहे. ते धोरण मी वाचलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. हौसेसाठी चाकांवर दोन रात्री राहणारा चालतो, जीव वाचवण्यासाठी राहणारा चालत नाही, हे मी माझ्या आईला कोणत्या शब्दांत सांगू?

आणि रस्त्याच्या सुरक्षिततेचं मला सांगू नका. गळीत हंगामात आमच्या जिल्ह्यातला कुठलाही रस्ता रात्री आठनंतर बघा. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस चहूबाजूंनी बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. कितीतरी घरांतली कर्ती माणसं त्यांच्यावर आदळून गेली आहेत. माझ्या मामाचा पोरगा त्यातच गेला. त्या ट्रॉल्या कुणाला अडवायला कसं जमत नाही? कारखान्याचा ऊस अडवायची हिंमत नाही म्हणून माझं घर अडवता, असंच मी समजतो, आणि चूक असेल तर तुम्ही तसं लिहून कळवा.

खरं दुखणं जुनं आहे, असं मला वाटायला लागलंय. ज्याचं बिऱ्हाड हलतं तो या व्यवस्थेच्या डोळ्यात खुपतो. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून फिरत्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांच्या माथी पोलिसांकडची रोजची हजेरी मारली. ती हजेरी याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्ये बंद केली, फासेपारध्यांना जवळ केलं, काम दिलं, राहायला जागा दिली. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो कायदाही गेला. पण नजर गेली का? मेंढरामागचा धनगर, गाड्यावर संसार घेऊन फिरणारा घिसाडी, कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोपीत सहा महिने काढणारं बीडकडचं ऊसतोड कुटुंब, यांच्यातल्या कुणाला रेशनसाठी, पोराच्या शाळेच्या दाखल्यासाठी पत्ता विचारला की काय होतं ते एकदा जाऊन ऐका. आता मी त्या रांगेत आहे. मी करवीर तालुक्यातच जन्मलो, सात पिढ्या इथंच गेल्या, आणि घराला चाकं लावल्याबरोबर मी उपरा झालो.

पुराच्या नावानं पैसा नाही असंही नाही. 2019 च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली, 2020 मध्ये अहवाल आला. जागतिक बँकेच्या मदतीनं सुमारे 3,200 कोटींचा कार्यक्रम आखला. दरवर्षी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवरून भाषणं होतात, आम्हीही मोर्च्यात असतो, असायलाच पाहिजे. पण नदीत पाणी यायचं ते येतंच. बोगदे, भिंती, पाणी वळवणं, हे सगळं होईल तेव्हा होईल. काठावरच्या माणसाला चार दिवस आधी स्वतःचं छप्पर घेऊन वर सरकू देणं याला एक रुपयाही लागत नाही. फक्त एक परिपत्रक लागतं. मी तुमच्याकडं घर मागत नाही, घर माझं मी बांधलंय.

स्वतः बांधलेला ट्रेलर तपासून नोंदवण्याची एक सोय करा. फी घ्या, कडक तपासा, ब्रेक नसेल तर परत पाठवा. उद्यमनगरात ट्रॉली बांधणारे आणि आयटीआयत वेल्डिंग शिकवणारे लोक बसले आहेत, त्यांच्याकडून तपासून घ्या. पूररेषेच्या आतल्या स्वतःच्या जागेत चाकांवरच्या घराची नमुना आठला नोंद घ्या. पावसाळ्यापुरती गायरानात किंवा माळावर गावागणिक एक जागा नेमून द्या, जिथं अशी घरं उभी करता येतील. माझ्या मागं आणखी लोक विचारायला येताहेत. उद्यमनगरात मला रोज कुणीतरी विचारतं, "मेस्त्री, आम्हाला पण एक बांधून द्या की." मी त्यांना काय सांगू? तुमच्या नावानं सांगू का, की बांधू नका, बोटीची वाट बघा?

माझ्या घराचा दंड काय असेल तो भरायला मी तयार आहे, पावती द्या आणि घर सोडा. आणि त्याला वेळ लागणार असेल तर निदान एक तातडीनं करा. आवारात नेताना त्यांनी हूक एका दगडावर टेकवलाय. पुढची बाजू खाली गेल्यानं पुढच्या ॲक्सलच्या पाट्यांवर सगळा भार आलाय, चौकट पिळली गेली तर पॅनेलचे सांधे उघडतील आणि पाणी आत जाईल. दगड काढून तिथं जॅक लावायची परवानगी मागायला गेलो तर जप्त मालाला हात लावता येणार नाही म्हणाले. जॅक माझ्याकडं आहे, माणूसही मीच आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढा एक फोन तुमच्या कार्यालयातून जाऊ द्या.

आपला,
एक पूरग्रस्त फॅब्रिकेटर
ता. करवीर, जि. कोल्हापूर