गोठ्यातला कप

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

बैलांच्या सणाला, बेंदराला आली होतीस तेव्हा तुझ्याशी खोटं बोललो. गोठ्याची वळचण झाडताना तुला कान तुटलेला कप सापडला. हा इथं कुणी ठेवला, असं विचारलंस आणि मी म्हणालो, मांजराच्या दुधाचा. तू हसलीस आणि होता तिथं परत ठेवलास. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय.

तो माणसाचा कप होता. बेंदूर पंधरा दिवसांवर आला की मांगवाड्यातून एक म्हातारे यायचे. खांद्यावर कासरे, दावी, म्होरक्या. घायपाताच्या वाखाला असा पीळ भरायचे की वर्षभर दाव्याचा धागा सुटायचा नाही. वळचणीतला कप ते स्वतःच काढायचे. मी वरून पाणी ओतायचो, ते कप विसळायचे, मग मी वरूनच चहा ओतायचो. किटलीची चोच कपाला लागू द्यायची नाही, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. मी आठ वर्षांचा, ते साठीचे. मी त्यांना अरे-तुरे करायचो. ते मला ‘धाकलं मालक’ म्हणायचे.

कराडला अकरावीत असताना ‘फकिरा’ हातात पडलं. मारामारी झकास आहे, असं मित्रानं सांगितलं म्हणून घेतलं, दुसरं काही कारण नाही. ते लिहिणारे अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, म्हणजे आपल्या पाहुण्यांच्याच मुलखातले. शाळेत गेले ते दीड दिवस. पुस्तक अर्पण केलंय बाबासाहेबांच्या लेखणीला. उपाशी माणसांसाठी इंग्रजांशी झुंजणारा फकिरा मांग आहे. वाचताना त्याला एक चेहरा पाहिजे होता, आणि माझ्याकडं दुसरा चेहरा होताच कुठं? पानापानावर आपले दावीवाले तलवार घेऊन उभे राहायला लागले.

त्या वर्षी बेंदराला मी घरातली कपबशी घेऊन बाहेर गेलो. त्यांना पहिल्यांदाच ‘नाना’ म्हणालो. त्यांनी आधी माजघराच्या दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, “नगं धाकलं मालक, आईसाब रागं भरतील.” आणि वळचणीकडं हात घातला. मी कपबशी आत नेऊन ठेवली. सायली, मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता आईशी भांडावं लागणार नाही म्हणून. पुस्तकानं मला दिसायला लागलं, पण बोलायला तोंड फुटलं नाही.

मसूरचं पुढं कळलं. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९०१ सालच्या उन्हाळ्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. पोरं येणार असल्याचं त्यांना कळलंच नव्हतं, त्यामुळं न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला, जात कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. गाडीवाला दुप्पट भाड्यानं तयार झाला, तोही एका अटीवर : बैल पोरांनी हाकायचे, तो बाजूनं चालणार. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळेना. टोलनाक्यावर आपण मुसलमान असल्याचं सांगून बघितलं, तरी मिळालं नाही. पोरं रात्रभर उपाशी.

ज्या स्टेशनात मी तुला पुण्याच्या गाडीत बसवून देतो, पाण्याची बाटली भरली का म्हणून तीनदा विचारतो, तेच हे मसूर. त्या फलाटावर मी आयुष्यभर चढलो-उतरलो, पण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतही नाही.

तुझ्या पणजोबांचं तर मला कोडंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं. पणजोबा तिथं राहून शिकले. एका पंगतीला जेवले, आणि म्हातारपणी ते कौतुकानं सांगायचे. सांगताना ज्या ओसरीवर बसायचे, तिथून ती वळचण दहा पावलांवर होती. पंगत साताऱ्यात राहिली, गावाकडच्या गाडीत काही बसली नाही.

माझ्या वाचनानं तो कप सुटला असं समजू नकोस. तो सुटला नायलॉननं. बाजारात रंगीत दोर आले, वाखाची दावी कुणी घेईना, नानांचं येणं थांबलं. पुढं ट्रॅक्टर आला आणि बैलही गेले. कप तेवढा राहिला. आजी गेल्यावर मी तो टाकू शकलो असतो. दरवर्षी वळचण झाडताना हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो. तू ठेवलास ना, अगदी तसाच.

आता तो धुऊन पुस्तकांच्या कपाटात ठेवलाय, ‘फकिरा’च्या शेजारी. तुझी आई म्हणते, हे काय खूळ? असू दे.

दिवाळीला आलीस की नानांच्या घरी जाऊ. त्यांचा नातू कराडला वर्कशॉपमध्ये आहे, सणाला येतो म्हणे. जाऊन काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पत्र लिहिताना नानांचं पूर्ण नाव लिहावं म्हणून थांबलो, तर कळलं की मला त्यांचं आडनावच माहीत नाही. उद्या कुणाला तरी विचारतो.

तुझे,
आप्पा