परिवहन मंत्री साहेब, ट्रकच्या मागं जे ओढतो त्याचं नेमकं काय करायचं ते एकदा लिहून द्या

मा. परिवहन मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

आपण कामात असता, रोज शेकड्यानं पत्रं येत असतील, तरी हे एक पूर्ण वाचावं ही नम्र विनंती. एका रात्री माझ्या गाडीला मागून दुसरी गाडी धडकली, त्या अपघाताबद्दल परवा विमा कंपनीचं पत्र हातात पडलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

मी माणदेशातला एक साधा गाडीमालक. एक दहा टायरी टिपर, एक कॉम्प्रेसर (हवा दाबून देणारं, चाकांवर ओढून न्यायचं मशीन) आणि डांबराचा एक बॉयलर, एवढ्यावर आमचं घर चालतं. मोठे कॉन्ट्रॅक्टर रस्त्याचं टेंडर घेतात, त्यातले तुकडे आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतात. साइटवर जाताना टिपरच्या मागं हुकात पिन घालून कॉम्प्रेसर जोडायचा, वरनं साखळी मारायची आणि निघायचं. महाराष्ट्रात रस्त्याचं काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो, पीडब्ल्यूडीच्या कामावर पण मशिनरी अशीच पोचते आणि रस्त्यात उभा असलेला प्रत्येक अधिकारी ते रोज बघतो.

आता विमा कंपनी म्हणते की अपघाताच्या वेळी गाडीला जोडलेला ट्रेलर पॉलिसीत नव्हता, त्याची नोंदणीच नव्हती आणि ड्रायव्हरकडे ट्रेलरसकट गाडी चालवायचं लायसन्स होतं का ते सिद्ध करा, म्हणून आम्ही जबाबदारी घेत नाही. म्हणजे मागून धडकलेल्या गाडीतल्या पोराचा पाय मोडला त्याच्या उपचाराचा सगळा दावा माझ्या अंगावर. विमा कंपनीला कोर्टानं आधी पैसे भरायला लावले तरी नंतर ती माझ्याकडूनच वसूल करणार, वकिलानं तसं स्पष्ट सांगितलंय. त्या पोराबद्दल माझ्या मनात तसूभर राग नाही, त्याला पैसे मिळालेच पाहिजेत. पण वर्षानुवर्षं न चुकता प्रीमियम भरला तो कशासाठी भरला?

साहेब, हा कॉम्प्रेसर घेतला तेव्हाच मी सगळी कागदपत्रं घेऊन आरटीओ ऑफिसला गेलो होतो. कुठल्या ते लिहीत नाही कारण मला एका ऑफिसशी भांडायचं नाही. खिडकीवरच्या माणसानं बिल बघितलं आणि म्हणाला हे वाहन नाही, मशीन आहे, याचं पासिंग होत नाही. मी म्हटलं तसं लिहून द्या. तर म्हणाला असं लिहून देता येत नाही. आत मोठ्या साहेबांना भेटलो, ते बोलायला चांगले होते, म्हणाले वरून मार्गदर्शन मागवतो आणि तुम्हाला लेखी कळवतो. अर्जावर शिक्का मारून पोच दिली. ती पोच आजही माझ्या फायलीत आहे, उत्तर मात्र आलेलं नाही, साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्यांना विचारलं तर ते म्हणाले आधीच्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

मग एके दिवशी आरटीओच्याच वायुवेग पथकानं, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्यांनी, गाडी अडवली. त्यांचं म्हणणं अगदी उलटं, हा ट्रेलर आहे, नोंदणी कुठाय, नंबर कुठाय. मी पोच दाखवली तर म्हणाले ही पोच आहे, परवानगी नाही. चलन फाडलं. एकच खातं, एकच कायदा, ऑफिसात मशीन आणि रस्त्यावर ट्रेलर! आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना अशी आमची गत झाली.

नंतर मी स्वतः कायदा वाचायला घेतला. माझं शिक्षण बारावी, पण पोटाचा प्रश्न आला की माणूस कलमं पण वाचतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर म्हणजे मोटार वाहनाकडून ओढलं जाणारं किंवा ओढण्यासाठी बनवलेलं वाहन, आणि मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर पण धरलेला आहे. म्हणजे चाकं असलेला माझा कॉम्प्रेसर त्यात बसतो असं पथकवाल्यांचं म्हणणं. पण बांधकामाच्या यंत्रांची जी व्याख्या केंद्राच्या १९८९ च्या नियमात आहे ती स्वतःच्या ताकदीवर चालणाऱ्या यंत्रांची, जेसीबी, रोलर, ग्रेडर असली. ओढून न्यायच्या कॉम्प्रेसरचं, मिक्सरचं, बॉयलरचं त्यात नावच नाही. १९८९ च्या रस्त्याच्या नियमात लिहिलं होतं की गाडीमागं ओढायचं तर नोंदणी झालेला ट्रेलर नाहीतर बंद पडलेली गाडी. बंद गाडीला टोचन लावलं तर दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागं ऑन टो अशी पाटी पाहिजे. बंद पडलेल्या गाडीसाठी एवढा विचार केला, पण रोज कामाला जाणाऱ्या मशीनसाठी कुणी केला? कलम ६१ सांगतं की पुढच्या गाडीचा नंबर मागच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. किती साधी आणि चांगली गोष्ट आहे ही, मी तो नंबर पिवळ्या पत्र्यावर रंगवून मागं लावलेला होता, अपघाताच्या रात्री पण होता, पंचनाम्यात त्याचा एक शब्द नाही.

लायसन्सचं तर विचारूच नका. आमच्या ड्रायव्हरच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्ट व्हेईकल असं लिहिलंय. कायद्याच्या कलम १० मध्ये रोड रोलरला वेगळा वर्ग आहे, गिअरच्या आणि बिनगिअरच्या मोटारसायकलला वेगवेगळा वर्ग आहे, पण ट्रकमागं वजन ओढायला वेगळा वर्ग नाही. मग विमावाल्यांना दाखवू काय? जे लायसन्स सरकार देतच नाही ते माझ्या ड्रायव्हरनं आणायचं कुठून? हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते की नाही एवढ्या एका गोष्टीसाठी देशातले ड्रायव्हर आणि मालक कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते, शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी येते म्हणून सांगितलं. कायदा १९८८ चा आणि उत्तर २०२४ ला! आमच्या कॉम्प्रेसरच्या उत्तराला पण एवढीच वर्षं लागणार असतील तर तोवर मी गाडी विकून मोकळा झालेला असेन.

आणि हा निव्वळ कागदाचा प्रश्न नाही साहेब, जिवाचा आहे. दोन-अडीच टनाचं मशीन मागं असलं की गाडी वेगळीच वागते. त्याला स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर ते पुढच्या गाडीला ढकलतं, ब्रेक नेहमीच्या अंतरात लागत नाही, वळणावर मागची चाकं आतून कापतात आणि रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर मागचं धूड आडवं येतं. आमचा ड्रायव्हर उताराला लागायच्या आधीच गिअर खाली घेतो, खाली बाजूला थांबून ब्रेकच्या लायनरचा वास घेतो, पिनची क्लिप हातानं ओढून बघतो, साखळीला ढील किती आहे ते बघतो, मागच्या दिव्याच्या वायरीला हलवून दिवा लागतो का ते क्लीनरला ओरडून विचारतो. हे त्याला कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलनं शिकवलं नाही, कुठल्या ट्रॅकवर त्याची परीक्षा झाली नाही, एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिव्या खात तो शिकला. ज्याला असा उस्ताद मिळाला नाही त्यानं काय करायचं? कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर दरवर्षी माणसं मरतात, नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकनं तिथं डझनावारी गाड्या चिरडल्या. तिथं मागं बिनब्रेकचं मशीन जोडून न्यूट्रलमध्ये सुटलेला ड्रायव्हर मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. त्याच्या खिशात पण ट्रान्सपोर्टचंच लायसन्स असणार.

जून २०१९ मध्ये केंद्रानं ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पासची अट काढायचं ठरवलं. ते चांगलंच केलं, गरिबाच्या पोरांना काम मिळालं. पण तेव्हाच सांगितलं होतं की शिक्षणापेक्षा आता ट्रेनिंग आणि कडक परीक्षेवर भर देऊ. कुठं गेला तो भर? हेवी लायसन्सला ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे ट्रेनिंग घेतल्याचा दाखला लागतो, तो आमच्याकडे कसा मिळतो ते चहाच्या टपरीवर बसलेलं पोरगं पण सांगेल. स्टेअरिंगला हात न लावता फॉर्म मिळतो आणि ज्याला खरंच गाडी येते त्याला एजंटशिवाय तारीख मिळत नाही. हे मी एकटाच म्हणत नाही, कुठल्याही ढाब्यावर थांबा आणि विचारा.

दुसरीकडं काय चाललंय बघा. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायची, त्या यादीत ड्रायव्हर पण होते. माझ्या भाच्यानं नाव नोंदवलं, पोरगं रात्री गाडीत बसून जर्मन शब्द पाठ करायचं. तिथले नियम त्यानंच मला समजावले. तिथं नुसता ट्रक चालवायचा तर सी वर्ग, आणि ट्रकमागं साडेसातशे किलोच्या वरचं काही ओढायचं तर सीई म्हणून वेगळा वर्ग, त्याची वेगळी परीक्षा, त्यात गाडी जोडणं-सोडणं आणि रिव्हर्स करून दाखवावं लागतं. साडेसातशे किलो! माझा बॉयलर सुद्धा त्याच्यापेक्षा जड आहे. म्हणजे जर्मनीच्या रस्त्यासाठी आपली पोरं तयार करायला सरकारला वेळ आहे आणि दहिवडी, म्हसवड, विटा, जतच्या रस्त्यावर आपलीच माणसं मरू नयेत म्हणून तीच परीक्षा इथं घ्यायला वेळ नाही? भाच्याचं पुढं काही झालं नाही, तो आता दुसऱ्याच्या गाडीवर जातो.

ऊसाचा सीझन सुरू झाला की सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात रात्री फिरून बघा साहेब, पण सरकारी गाड्यांच्या ताफ्यात नको, मोटारसायकलवर. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाची कांडकी बाहेर लोंबलेली. दर हिवाळ्यात बातम्या येतात, मागून धडकून दोन तरुण ठार. मग कारखान्यावर फोटो काढून रिफ्लेक्टर वाटायचा कार्यक्रम होतो आणि पुढच्या वर्षी परत तेच. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, हा केंद्र सरकारचाच आकडा आहे, त्यात आपल्या राज्यातली पंधरा हजारांच्या वर. एवढी माणसं साथीच्या रोगानं गेली असती तर मंत्रालयात रात्रभर दिवे जळले असते.

आणि आम्हाला काय मिळतं तर चलन. ओव्हरलोडला वीस हजार आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार, पीयूसी नाही म्हणून वेगळं, नंबरप्लेट जुनी म्हणून वेगळं. उभ्या गाडीला चलन, कॅमेऱ्याचं चलन, मोबाईलवर फोटो काढून चलन. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदार ई-चलनाच्या विरोधात संपावर गेले, त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमावरून ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, दोन्ही वेळा चर्चा झाली, आश्वासन मिळालं. दंड वाढवायला एक रात्र पुरते आणि नियम समजावून सांगायला कुणी मिळत नाही, हे कसलं राज्य चालवणं आहे? जो कागद मागायला ऑफिसात येतो तोच फाइलवर सापडतो म्हणून त्यालाच धरायचं, आणि ज्यांच्या बेनामी गाड्या रात्री वाळू घेऊन सुसाट जातात त्यांना हात लावायचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

अपघातानंतर माझी गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात पडून राहिली. बँकेचा हप्ता थांबला नाही, पावसानं बॅटरी गेली, टायरला भेगा पडल्या. पुढच्या कॉन्ट्रॅक्टरनं काम दुसऱ्याला दिलं, आधीच्या कामाचं बिल अजून वरून निधी आला नाही म्हणून अडकलंय. बायकोनं गळ्यातलं गहाण ठेवलं. ड्रायव्हर माझ्याकडं येऊन म्हणाला, मालक, मी दुसरीकडं काम बघू का, घरात पोरं आहेत. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? अंधारात, सगळे दिवे चालू असताना, सावकाश चाललेल्या गाडीला मागून कुणी धडकलं आणि आमच्या ड्रायव्हरच्या आयुष्यातली इमानदारीची बारा-पंधरा वर्षं एका ओळीत पुसली गेली, योग्य लायसन्स सिद्ध करा!

तर साहेब, मागणी मोठी नाही. ओढून न्यायचा कॉम्प्रेसर, मिक्सर, बॉयलर, जनरेटर हे ट्रेलर आहे की मशीन, हे एका परिपत्रकात मराठीत लिहा आणि प्रत्येक आरटीओच्या दारावर चिकटवा. ट्रेलर असेल तर तालुक्याच्या कॅम्पमध्ये त्याची नोंदणी करून द्या, आम्ही फी भरू, टॅक्स भरू. विमा कंपन्यांना सांगा की पॉलिसी विकतानाच विचारा मागं काय ओढता आणि त्याचा प्रीमियम घ्या, नंतर अंग काढू नका. ट्रकमागं वजन ओढणाऱ्यांची वेगळी परीक्षा ठेवा, भोसरीला सीआयआरटीसारखी रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आपल्याच राज्यात आहे, त्यांच्याकडून ट्रेनिंग आखून घ्या, पण आमच्या ड्रायव्हरला त्यासाठी पुण्याला आठवडाभर राहावं लागेल असं करू नका, जिल्ह्यात द्या. एका ठराविक वजनाच्या वरच्या मशीनला ब्रेक, मागं दोन दिवे आणि रिफ्लेक्टर बनवणाऱ्या कंपनीतूनच बसवून येऊ द्या, म्हणजे आमच्यासारख्याला बॅटरीचा दिवा तारेनं बांधावा लागणार नाही.

आणि माझ्या त्या जुन्या अर्जाचं उत्तर द्या. हो किंवा नाही, जे असेल ते, पण लेटरहेडवर, जावक क्रमांकासह आणि सही करून, कारण पुढच्या तारखेला मला ते कोर्टात दाखवायचं आहे.

आपला,
माणदेशातला एक गाडीमालक