दूध, पावडर आणि आमची चिमी

इंदिरानगर, नाशिक

प्रिय मन्या,

फोनवर तू विचारलंस, "आईचं दूध मिळतंय ना, मग त्यात पावडर कशाला?" एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराशी उभं राहून ते नीट सांगता येईना, म्हणून लिहितोय.

चिमी तिसाव्या आठवड्यातच आली, वजन १३०० ग्रॅम. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीचं दूधच वेगळं असतं, हे मला इथेच कळलं. पहिले काही आठवडे त्यात प्रथिनं आणि सोडियम जरा जास्त असतं, मग हळूहळू कमी होतं. चीक आला तो थेंबभरच. सिस्टरनी तोही वाया जाऊ दिला नाही, कापसाच्या बोळ्याने चिमीच्या गालाच्या आतून फिरवला. त्यातली प्रतिकारद्रव्यं आतडी सांभाळतात, आणि इतक्या लहान बाळांना भीती आतड्यांचीच.

आता हिशोब. अशा बाळाला किलोमागे रोज साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं लागतात. दुधात १०० मिलीला दीड ग्रॅम धर. किलोमागे १६० मिली पाजलं तरी अडीचच्या आतच. कॅल्शियमचं तर विचारूच नकोस: हवं १२० मिलिग्रॅमच्या वर, दुधातून मिळतं चाळीस-पन्नास. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत हाडांसाठी जे मिळायचं, ते चिमीला मिळालंच नाही. जास्त दूध पाजावं तर पोट एवढंसं. म्हणून दुधातच प्रथिनं-कॅल्शियमची ही पावडर मिसळायची.

स्मिताला ते फार लागलं. "माझं दूध कमी पडतं," म्हणाली. त्यात आमच्या आईचं चालूच, "पातळ दिसतंय, अळीव खा." दूध सुरुवातीला पातळच उतरतं रे, स्निग्धांश मागाहून येतो. बाटली ठेवली की साय वर चढते. सिस्टर बाटली जोरात हलवत नाहीत, तळहातात धरून नुसती गोल फिरवतात आणि मगच सिरिंजमध्ये घेतात. साय बाटलीला चिकटून राहिली तर बाळाच्या उष्मांकांना कात्री. माझं मत विचारशील तर कमी पडले ते दिवस, दूध नाही.

मिल्क बँकेचंही विचारलं होतंस. १९८९ साली मुंबईत सायन हॉस्पिटलला देशातली पहिली सुरू झाली. दात्या आईचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. जंतू मरतात, पण प्रतिकारद्रव्यंही थोडी जातात. शिवाय ते बहुधा पूर्ण दिवसांच्या आईचं, प्रथिनं कमी असलेलं. म्हणून आधी स्वतःच्या आईचं, नाहीच पुरलं तर ते.

चिमी आता नळीसोबत पळीनेही दूध घेते. शनिवारी ये. आत सोडणार नाहीत, पण बाहेर चहा घेऊ. वहिनींचे अळिवाचे लाडू आणच. दूध वाढो न वाढो, स्मिताला आवडतात.

तुझा,
बाळ्या