अल्बिनिझम म्हणजे कोड नव्हे

महोदय,
जन्मतःच पांढरे केस व फिकट त्वचा असलेल्या माझ्या भाचीला ‘कोड आहे’ असे गावात सर्रास म्हटले जाते. वास्तविक कोड पुढे केव्हातरी उद्भवते, तर अल्बिनिझममध्ये बहुधा आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्याने मुळातच मेलॅनिन (त्वचा, केस व डोळ्यांना रंग देणारे द्रव्य) पुरेसे तयार होत नाही. त्वचेपेक्षा डोळ्यांची अडचण मोठी, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. दृष्टिपटलाचा मध्यभाग नीट घडलेला नसतो, बुबुळे सतत थरथरतात आणि चष्म्यानेही नजर पूर्ण सुधारत नाही. वही नाकाला टेकवून वाचणाऱ्या या मुलीला शाळेने, तेही उन्हाच्या खिडकीशी, शेवटच्या बाकावर बसवले आहे. पहिला बाक, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका आणि कवायतीला टोपीची मुभा, एवढीच आमची मागणी आहे.

एक वाचक, सातारा