मंद्या, तुझ्यासाठी चपट्या टोकाचं पेन

प्रिय मंद्या,

तू फोनवर विचारलंस की मागचं पत्र नक्की कोणी लिहून दिलं, अक्षर तुझं वाटत नाही म्हणून. अरे मीच लिहिलंय. पेनसुद्धा तेच आहे, माझी जुनी लॅमी सफारी, फक्त तिची निब बदलली. फोनवर धड सांगता आलं नाही, मागे कुकर, दारात कुरिअरवाला, म्हटलं याला नीट पत्रच लिहू आणि त्याच निबने लिहू म्हणजे वाचता वाचता दिसेल तरी.

आधीची निब मीडियम होती. साध्या निबच्या टोकाला बारीकसा गोळा असतो, ज्याला आपण सगळे अजून इरिडियम म्हणतो, आणि गोळा असल्यामुळे ती कुठेही वळव, रेघ सारखीच येते. आता जी लावलीय ती १.१, तिच्या टोकाला गोळाच नाही, छोट्या पटाशीसारखं सपाट कापलेलं टोक, १.१ मिलिमीटर रुंद. पेन खाली ओढलं की पूर्ण रुंदी कागदावर टेकते आणि जाड रेघ येते, आडवं नेलं की नुसती कड सरकते म्हणून बारीक रेघ. बस एवढंच, दाब अजिबात द्यायचा नाही. लॅमीत बदलायला सोपी, निबवर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा, सरळ ओढायचं, जुनी निघून येते आणि नवी सरकवून बसवायची. एक मिनिटाचं काम, आणि त्यासाठी मी चार वर्षं थांबलो याचं वाईट वाटतं.

पहिला शब्द कमळ लिहिला होता, का ते माहीत नाही. क चा दांडा ठसठशीत, वरची शिरोरेघ केसासारखी, आणि ळ, मंद्या, ळ बघायला हवा होतास तू. दोन्ही पोटांच्या बाजू भरलेल्या आणि वरखाली वळताना रेघ एकदम नाजूक होऊन परत भरत जाते, आणि हे मी काही करत नव्हतो, हात नेहमीसारखाच चालला होता. दांड्याच्या तळाशी जिथे पेन थांबतं तिथे शाईचा छोटा थेंब साचतो आणि वाळल्यावर तेवढाच भाग गडद निळा राहतो, वर फिका. कॅमलची रॉयल ब्लू आहे, शाळेतली, काही परदेशी महाग शाई नाही. तीस वर्षं ती शाई वापरून मला माहीतच नव्हतं की तिच्यात दोन निळे रंग आहेत. त्या रात्री दीड वाजेपर्यंत लिहित बसलो, वाणसामानाची यादी, मुलांची नावं, एसटीच्या थांब्यांची नावं, जे सुचेल ते.

तू घ्यायला निघशील म्हणून नावांचा गोंधळ आधीच मिटवतो. स्टब म्हणजे चपटं टोक पण कोपरे गोल केलेले, ते रोज लिहायला बरं, हात थोडा फिरला तरी सांभाळून घेतं. इटॅलिक म्हणजे कोपरे धारदार, जाड-बारीक फरक एकदम स्वच्छ पण कागदात रुततं, घाईत लिहिलंस तर कोपरा अडकून शाई उडते. कर्सिव्ह इटॅलिक या दोघांच्या मधलं, आणि माझं मत विचारशील तर सगळ्यात चांगलं तेच. आता १.५ आणि १.९ पण मिळतात, मोह होतो, पण मराठी पत्रासाठी त्या निब घेऊ नकोस. आपल्या अक्षरात गाठी किती, श, ख, थ, भ, १.५ ने वहीच्या नेहमीच्या रेघांत लिहिलं की सगळ्या गाठी शाईने बुजतात आणि घ चा ध व्हायला वेळ लागत नाही. १.१ ला सुद्धा अक्षर थोडं मोठं काढावं लागतं, पाच-साडेपाच मिलिमीटर तरी. तुझं अक्षर मुंगीएवढं, तुला पायलट कंपनीचं प्लमिक्स पेन बरं, ते याच्यापेक्षा बरंच बारीक आहे आणि तरी जाड-बारीक दिसतं.

आता खरं जे सांगायचंय ते. १.१ ने महिनाभर लिहिल्यावर मला काहीतरी खटकायला लागलं. काना भरलेला पण शिरोरेघ फार अशक्त, अक्षरं जणू दोऱ्याला लटकल्यासारखी. आणि मग मला आप्पांचा बोरू आठवला. सातवीच्या मे महिन्यात तू पण होतास की गावाला, ओढ्याकाठून बोरू तोडून आणायचे, सावलीत वाळवायचे, मग चाकूने सोलून मधे चीर पाडायची आणि शेवटी कत देताना टोक सरळ नाही, तिरकं छाटायचे. मी सरळ कापलेला बोरू घेऊन गेलो तर त्यांनी हातातून घेऊन परत छाटून दिला होता, काही बोलले नव्हते. तेव्हा कळलं नाही, आता कळतंय. देवनागरीसाठी टोक तिरकं कापतात आणि तेही इंग्रजी अक्षरांच्या पेनाचा कल असतो त्याच्या उलट बाजूला, म्हणून हात न मुरडता आडवी रेघ आणि उभा काना दोन्ही भरतात. आपली जुनी पोथी बघ, शिरोरेघ कधी मरतुकडी नसते. माझी निब इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी कापलेली, त्यांना शिरोरेघच नाही.

मग शोधता शोधता निबचा आर्किटेक्ट नावाचा प्रकार सापडला. स्टबच्या बरोब्बर उलटा, उभी रेघ बारीक आणि आडवी जाड. याला हिब्रू ग्राइंड पण म्हणतात, कारण हिब्रू लिपीत आडव्या रेघा जाड असतात. म्हटलं ज्या लिपीच्या डोक्यावर अख्खी आडवी रेघ आहे तिला हे जमलंच पाहिजे. तयार विकत घेण्यापेक्षा स्वतः घासायची ठरवली, कानपूरच्या कॅनराइट कंपनीच्या सहा नंबरच्या दोन ब्रॉड, म्हणजे जाड टोकाच्या, निब मागवल्या, ब्रॉड कारण टोकाला घासायला माल जास्त असतो. बाजू घासून टोक अरुंद करायचं आणि पोटाकडून लांबट सपाट ठेवायचं. पहिली निब वाया गेली. निबच्या चिरेच्या उजवीकडची पाकळी जास्त घासली गेली, डावीपेक्षा लांडी झाली, आणि गेलेला धातू परत येत नाही. फार वाईट वाटलं, दोन आठवडे त्या सामानाला हात लावला नाही. दुसरीला मात्र दोन रविवार दिले. मायक्रोमेशचा, म्हणजे अगदी बारीक पॉलिश कागदासारखा, तुकडा काचेवर, वर पाण्याचे दोन थेंब, पाच-सहा वेळा फिरवायचं आणि थांबायचं, पुसायचं, दहापट भिंगाखाली दोन्ही पाकळ्या बघायच्या, कागदावर एक शिरोरेघ मारून बघायची, परत पाच-सहा वेळा. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एक रेघ अशी आली की मी आईला हाक मारली.

आप्पांच्या वडिलांच्या हातचे मोडीतले कागद आहेत आमच्याकडे, त्यात कशी आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या आणि मग खाली अक्षरं जोडत नेलेली. मी तसंच केलं, आधी रेघ डावीकडून उजवीकडे सलग, मग त्याखाली बाळबोध. आई बराच वेळ कागद धरून बसली आणि म्हणाली, आप्पांच्या हातासारखं दिसतंय. माझं अक्षर आप्पांसारखं कधीच नव्हतं रे. या निबला एक सवय लागते, पेन किती उभं किंवा आडवं धरतोस त्यावर रेघ बदलते, त्यामुळे पहिले काही दिवस कंटाळू नकोस.

हो, तुलाच म्हणतोय. त्या निबचं पेन या पत्राबरोबर पाठवतोय, माझ्यासाठी मी अजून एक घासायला घेतलीय. शाई भरलेली नाही, नाहीतर वाटेत गळेल. पहिल्यांदा साध्या पाण्याने दोन-तीनदा धू. पातळ वहीवर लिहू नकोस, मागे उमटतं, शंभर जीएसएमचे, म्हणजे जरा जाड, दहा कागद आत घातलेत, रेघा मी मारून दिल्यात. पहिली अडीच पानं लॅमीच्या १.१ ने आहेत आणि मोडीच्या कागदांपासून पुढचं सगळं आर्किटेक्टने, दोन्हीकडचा ळ शेजारी धरून बघ आणि तुला कोणता आवडला ते कळव. फोनवर नको, यानेच लिहून.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या