कानांचं बोलणार नव्हतो

चिऊ,

काल तू फोन ठेवून दिलास, चूक माझीच. तू स्टुडिओ बुक केल्याचं सांगत होतीस आणि मी मधेच कानांवर घसरलो. पण तूही किती सहज म्हणालीस, रिहर्सलनंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते, सकाळी जाते म्हणून. असो. तो विषय आज काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

मागच्या खोलीतला तो चार ट्रॅकचा, म्हणजे एका टेपवर चार आवाज वेगवेगळे भरता येणारा, कॅसेट रेकॉर्डर आठवतो? तीन ट्रॅक भरले की ते एकत्र चौथ्यावर उतरवायचे, मग ते तीन परत मोकळे. एकदा उतरवलं की गिटार जास्त झाली म्हणून रडून उपयोग नाही, आणि दर खेपेला टेपची खरखर वाढणार ती वेगळीच. त्यामुळे आधी ठरवावं लागायचं. तुम्हाला आता ट्रॅक हवे तेवढे, म्हणून कुणी काही ठरवतच नाही... बघ, झालं लेक्चर सुरू. सॉरी.

पंखा बंद, भिंतीला गाद्या टेकवलेल्या, आई झोपलेली म्हणून सगळं हेडफोनवर. झोप यायला लागली की आवाज अजून थोडा वर. 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात, पण पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं, आणि मी पहाटेपर्यंत बसायचो. इअरप्लग घेतलेस का? नाही, राहू दे.

दुसऱ्या रेकॉर्डला स्टुडिओत गेलो तेव्हा तासाचं मीटर पळत होतं, तेच गाणं अकरा वेळा गायलो, सगळं सुरात आणि सगळं मेलेलं. शेवटी घरचीच टेप घेतली. त्यात दुसऱ्या कडव्यानंतर दार करकरतं आणि तू विचारतेस, "बाबा, झालं?" इंजिनियर ते काढू म्हणाला, मी नाही काढू दिलं. आजही रेकॉर्डवर आहे ते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तिसऱ्या रेकॉर्डचं मिक्स मी घरीच केलं होतं, तू बारा वर्षांची असशील, ऐकून म्हणालीस, "बाबा, झांजा टोचतायत." मी हसलो आणि तसंच पुढे पाठवलं. नंतर कानाची तपासणी केली तर डाव्या कानाचा आलेख 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत, खड्ड्यात गेल्यासारखा खाली. मला ऐकू येत नव्हतं म्हणून मी तेच उंच पट्टीचे आवाज वाढवत बसलो होतो, आणि तुला बरोबर कळलं होतं. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे हे मला तेव्हापासून माहितीय, म्हणून काल ओरडलो. ओरडायला नको होतं.

रफ मिक्स झालं की पाठव. गाण्याचं, शब्दांचं, कुठे ताणलंयस ते सगळं सांगेन. झांजांचं मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचार.

बाबा