धान्याचा हिशेब न मांडता दौलताबादचा वेढा कळत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

देवगिरीचा, म्हणजे आजच्या दौलताबादचा, किल्ला अभेद्य होता आणि तो केवळ फितुरीने पडला, हे वाक्य मी इतिहासाचा शिक्षक म्हणून वर्गात अनेक वर्षे सांगितले. ते किती अपुरे आहे, हे मला निवृत्तीनंतर उमगले. माझ्या काही माजी विद्यार्थ्यांबरोबर संगणकावरच्या एका युद्धखेळात १६३३ च्या वेढ्याचा प्रसंग उभा करायला मी बसलो, तेव्हाची ही गोष्ट आहे. मुलांच्या संगणकीय खेळांविषयी वृत्तपत्रांत येणारी पत्रे बहुधा तक्रारीची असतात, म्हणून हा अनुभव मुद्दाम कळवत आहे.

अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला आणि निजामशाहीची सूत्रे पुढे त्याचा मुलगा फतहखान याच्याकडे आली. त्याने आधी मोगलांना किल्ला देण्याचे कबूल केले, मग आदिलशाहीकडून मदतीचा शब्द मिळताच बोलणे फिरवले, आणि मोगल सेनापती महाबतखानाने मार्च ते जून १६३३ असा वेढा घातला. बाहेरून आदिलशाहीचे सरदार रणदुल्लाखान, मुरार जगदेव आणि त्यांच्यासोबत शहाजीराजे वेढा मोडण्यासाठी मोगलांच्या छावणीवर आणि रसदेवर छापे घालत होते.

आमच्या पहिल्या मांडणीत आम्ही सगळा भर अंधारीवर, म्हणजे वर जाणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेवर, दिला होता. किल्ला पाहायला आलेल्या प्रत्येकाला वाटाडे अंधारीत नेऊन उकळत्या तेलाच्या आणि धुराच्या गोष्टी सांगतात, त्याच आमच्याही डोक्यात होत्या. खेळ सुरू केला की संगणकाच्या हातातले मोगल सैन्य दरवेळी अंधारीच्या तोंडाशी मरून पडे आणि किल्ला कधीच पडत नसे. प्रत्यक्षात लढाई तिथपर्यंत पोहोचलीच नाही. अंबरकोट हा बाहेरचा कोट आणि नंतर त्याच्या आतला महाकोट, यांची तटबंदी सुरुंगांनी फुटली. वरचा कातळात तासलेला भाग आणि त्याभोवतीचा खंदक मात्र कोणी लढून घेतला नाही. तिथे अन्न संपले, रोगराई पसरली आणि फतहखानाने किल्ला खाली केला. त्याला साडेदहा लाख रुपये आणि सामान हलवण्यासाठी हत्ती-उंट देण्यात आले.

आज जो किल्ला दिसतो तो जसाच्या तसा नकाशावर घेता येत नाही, हेही याच कामात शिकायला मिळाले. मेंढा तोफ पोरांना फार आवडते, पण तिच्यावर औरंगजेबाचे नाव कोरलेले आहे, म्हणजे १६३३ च्या बचावात तिला जागा नाही. वरची बारादरी शाहजहानच्या १६३६ च्या मुक्कामाशी जोडली जाते, तीही काढावी लागली. पंधराव्या शतकातला चांद मिनार राहिला. मापाचा प्रश्न याहून अवघड होता, कारण सुरुंगाचे काम हातांच्या मापाने चालते, तर बुऱ्हाणपूरकडून मोगलांना येणारी रसद आणि तिच्यावरचे छापे कोसांच्या मापाने. एकाच नकाशात दोन्ही बसेनात, तेव्हा आम्ही दोन नकाशे केले आणि एका फेरीचा काळ आठवड्याचा धरून त्यांना धान्याच्या आकड्याने जोडले.

हा आकडाच या प्रसंगाचा प्राण आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता, म्हणजे दोन्ही बाजूंची सैन्ये उजाड झालेल्या मुलखात उभी होती. वैरण आणि धान्य मोगलांनाही लांबून आणावे लागत होते. त्यांच्या तांड्यांवर शहाजीराजांचे स्वार तुटून पडत, ते का, हे मराठवाड्यात दावणीच्या जनावरांसाठी कडबा विकत घेतलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. याच किल्ल्यात १२९६ मध्ये रामदेवराय यादवाच्या वेळी धान्याच्या म्हणून भरलेल्या गोण्यांत मीठ निघाल्याची हकिकत परंपरेने सांगितली जाते. म्हणून खेळात किल्ल्यातला साठा वेढा घालणाऱ्याला दिसत नाही, आणि बचाव करणाऱ्यालाही तो अंदाजानेच दिसतो.

एका संध्याकाळी दहावीतली एक मुलगी फतहखानाच्या बाजूने खेळत होती. अंबरकोट पडायच्या बेतात असताना तिथल्या रहिवाशांना महाकोटात घ्यायचे की नाही, हा निर्णय तिच्यापुढे आला. घेतले तर साठा तीन फेऱ्या आधी संपणार होता. तिने माउसवरचा हात काढून घेतला आणि विचारले, "सर, बाहेर राहिलेल्या माणसांचं खेळात पुढे काय होतं?" आमच्या मांडणीत त्यांचे काहीच होत नव्हते, ती नुसती गणतीतून वजा होत होती. ती चूक आम्ही त्याच रात्री दुरुस्त केली. आता ती माणसे नकाशावर राहतात, आणि त्यांना खायला लागते.

या कामात सर्वांत मोठी अडचण आली ती नकाशाची. उंचीच्या रेषा, तटांची लांबी आणि बुरुजांच्या जागा दाखवणारा, मापाबरहुकूम काढलेला आराखडा मिळावा म्हणून मी एका कार्यालयात तीनदा गेलो. तिन्ही वेळा अर्ज ठेवून घेतला गेला आणि उत्तर आले नाही. शेवटी विद्यार्थ्यांनी रविवारी जाऊन टेप आणि मोबाईल घेऊन जमेल तेवढे तट मोजले. मराठवाड्यातल्या संरक्षित किल्ल्यांचे असे आराखडे तिकीट खिडकीवर अल्प किमतीत आणि संगणकावर विनामूल्य मिळावेत, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे कळकळीची मागणी आहे. दौलताबादनंतर आम्हाला परांडा घ्यायचा आहे. तिथे १६३४ मध्ये मोगलांना वेढा उठवून परतावे लागले होते.

दौलताबाद, अब्दीमंडी आणि कागजीपुरा परिसरातल्या वाचकांना आणखी एक विनंती आहे. मोगलांचे मोर्चे नेमके कुठे होते, हे आम्ही अजून अंदाजानेच मांडले आहे. आपल्या शिवारात एखाद्या शेताच्या, बांधाच्या किंवा बुजलेल्या विहिरीच्या नावात त्या वेढ्याची खूण उरली असेल, तर ते नाव आणि गट क्रमांक या वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवावा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
छत्रपती संभाजीनगर